सरकत्या पाटातला माहा हिस्सा

मी पौर्णिमा, लोकेश गजभियेची बायको, राहणार राजेगाव, जिल्हा बालाघाट, हे मृत्युपत्र माह्या हातानं लिहून राह्यली. सातवी शिकली, चुका होतील. दिमाग ठिकाणावर आहे. भेव मातर लागते. दुसरं लेकरू पोटात आहे, बाळंतपणाचं ऑपरेशन परवा गोंदियाले आहे, अन् डॉक्टरीण म्हणे रगत कमी आहे.

घर सासूबाईच्या नावानं, त्यात माहं काही नाही. कानातले माह्या पोरीचे, खुशीचे. शिलाई मशीन आम्रपालीले, माह्या नणदेले. पाण्याचा पितळी गुंड सासूबाईले. माहेरचा गुंड हलका म्हणून लग्नापासून बोलते, आता त्यातच पाणी भरजा.

आता बसायच्या सरकत्या पाटाचं. धानाच्या रोवण्यात बाई वाकून रोपं लावत मागं मागं सरकते. खुशी पोटात होती तवा मले वाकता येत नव्हतं. म्हणून मी प्लास्टिकचा ड्रम कापला, त्यात बसली अन् चिखलात घसरत रोवणा केला. तोच हा पाट. पट्टे आम्रपालीनं लावले. लोखंडी बूड माहे दीर चंद्रशेखर भाऊजीनं जोडलं. पेटंटच्या अर्जात तिघांचे नावं आहेत.

भाऊजी म्हणे, "वहिनी, तू तं नुसती बसून होती!"

म्या म्हटलं, "हौ, तुम्ही उभे होते म्हणून तुम्हाले सुचलं नाही."

सह्या एकानंच कराव्या म्हणून आम्ही दोघींनी भाऊजीले मुखत्यारपत्र देलं. पर वकीलबाई म्हणे, देणारी मेली का तिचं मुखत्यारपत्रही संपते. मंग माह्या जागी कोण? घरचे म्हणते, लोकेश आहे ना. लोकेश भला माणूस, भरवेलीच्या खाणीत राबते, पर लहान भावाले पोरासारखं वाढवलं, त्याले नाही म्हणवत नाही. अन् एक कंपनीवाला येऊन गेला. त्याले पाट पाहिजे, मालक एकच पाहिजे. भाऊजी त्याले "पाहू" म्हणाले.

म्हणून माहा हिस्सा खुशीचा अन् पोटातल्याचा, सारखा. ते मोठे होईपर्यंत आम्रपाली सांभाळीन, माह्या जागी सही तीच करीन. तिच्या सहीबिगर पाट विकायचा नाही. शोधणाऱ्यांतून माहं नाव काढायचं नाही. मेलेल्या बाईचं नाव राहते, विचारून घेतलं.

भाऊजी आत्ताच दारात आले. पूरा कागद वाचला.

"वहिनी, माह्यावर भरोसा नाही?"

"आहे. पर माहा भरोसा माह्यासंग जाईन. लेकराइले कागद पाहिजे. हा घ्या पेन."

भाऊजीनं पेन घेतला.

राजेगाव, ९ जुलै २०२५

लिहून देणार: पौर्णिमा लोकेश गजभिये

आमच्यासमोर सही केली:
लीलाबाई मेश्राम, शेजारीण
चंद्रशेखर गजभिये, दीर