नेटीचा शाळेतला एक दिवस

वॉशिंग्टन,
७ ऑक्टोबर १९७७

प्रिय डॅडी,

तुमचं पत्र मिळालं. मी ठणठणीत आहे, खोली उबदार आहे, जेवण वेळेवर होतं. नेब्रास्कात थंडी पडली का? मका निघाला? आईची कंबर कशी आहे?

"आमच्या गावची शाळा कशी चालवायची ते आता वॉशिंग्टनवाले सांगणार होय?" असं तुम्ही लिहिलंत. वाचून हसू आलं आणि शाळा डोळ्यांपुढे उभी राहिली. दर ऑगस्टमध्ये शेजाऱ्यांना घेऊन तुम्ही ती रंगवायचात, आई सगळ्यांना सफरचंदाचा केक वाढायची. इतक्या मायेने जपलेली शाळा मला इथे दिसली नाही.

एक दिवस मात्र फार आठवतो. तुम्ही आपल्या धाकट्या नेटीला पाठुंगळी घेऊन शाळेत आणलंत, माझ्या बाकावर बसवलंत. परतताना ती तुमच्या कानाशी म्हणाली, "उद्या पण यायचं ना, डॅडी?"

त्याच संध्याकाळी शाळेच्या बोर्डाची बैठक झाली. "चालता न येणाऱ्या पोरीला सांभाळणार कोण?" असं आपले शेजारीच म्हणाले. तुम्हीही बोर्डावर होतात, आणि नको म्हणणाऱ्यांत तुमचाही हात वर होता. मग मीच तिला घरी शिकवलं. तुमच्यावर राग नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, हे मी पाहिलं होतं.

आता कायदा झालाय, अशा प्रत्येक मुलाला गावच्या शाळेने घ्यायचंच. त्याचं पत्र पुढच्या आठवड्यात तुमच्या बोर्डाकडे येईल. सही इथल्या सरकारी शिक्षण कचेरीतल्या माझ्या साहेबांची आहे, टाइप मी केलंय.

बैठकीत नेण्याआधी ते नेटीला वाचायला द्या.

तुम्हा सगळ्यांच्या आठवणीत,
लोर्ना