मागच्या खोलीतली रेंज

आदरणीय थोरले साडूभाऊ,

साष्टांग नाही, पण कमरेतून जितकं वाकता येतं तितकं वाकून नमस्कार. (गेल्या आठवड्यापासून उसण भरली आहे. का, ते पुढे येईलच.) आपली, ताईंची आणि आपल्या रक्तदाबाची खुशाली विचारतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपण माझ्या दुसऱ्या वाक्याला "अहो, सोपं आहे" म्हणता आणि तिसऱ्या वाक्यापासून आपणच बोलता. कागदाला ती भीती नाही. तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा. मध्येच ताईंच्या हातात देऊ नका, कारण त्यांच्याविषयीही मजकूर आहे.

आमचं घर आपण पाहिलेलंच आहे. पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब, कंपासपेटीसारखं. राउटर पुढच्या दाराशी, कारण केबल जोडायला आलेल्या माणसाला त्याच्या पुढे यायचा कंटाळा आला होता. मग बैठकीची खोली, जेवणाची खोली, स्वयंपाकघर, आणि सगळ्यात मागे सासूबाईंची खोली. वर दोन खोल्या. एकीत मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करतो आणि दुसरीत आपली मेहुणी रोज सकाळी दहाला पडद्यावरून गुडघे आणि खुब्यांच्या पेशंटना व्यायाम शिकवते. भिंती दीड दीड फुटी, आणि जिन्याच्या वळणावर ते लोखंडी कपाट, जे आत आणलं कसं हे कोणालाच आठवत नाही आणि बाहेर काढता येत नाही. वायफायने एवढं सगळं ओलांडून वर यावं ही अपेक्षाच मुळात अमानुष होती. ते यायचं, पण धापा टाकत.

महिन्यापूर्वी एका सकाळी "खुर्चीला धरा, डावा पाय उचला" एवढं म्हणून ही पडद्यावर गोठली. इकडे ही व्यवस्थित पाय खाली ठेवून उजव्याकडे वळलेली, पण तिकडे सात जणींच्या पडद्यांवर हिचा डावा पाय हवेतच! सहा जणींनी थोडं थांबून आपापल्या अकलेने पाय खाली घेतले. सातव्या म्हणजे निवृत्त न्यायाधीशबाई. त्यांनी जन्मभर नियमाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, आणि आता टाकायचं तर आधी ते खाली ठेवावं लागणार! त्या चार मिनिटं उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला की आई पलंगावरून उठत नाहीत आणि निकाल तुमच्या विरुद्ध गेला आहे. न्यायाधीशबाई परतल्या, पण त्या आठवड्यात दुसरे दोन पेशंट गळाले. ही मला म्हणाली, "नेट तरी नीट करून घे, नाहीतर मी बाहेर खोली तरी बघते." मी म्हणालो, माणूस कशाला बोलवायचा, मी करतो. (साडूभाऊ, पुरुषाच्या आयुष्यातली निम्मी संकटं या "मी करतो" मधून येतात. उरलेली निम्मी, नातेवाइकांना सल्ला विचारल्याने.)

मग मी आपल्याला फोन केला. आपण आपला जुना राउटर पाठवलात. त्याबद्दल आभार मानायचे की नाही हे पत्र संपेपर्यंत ठरेल. सोबतची पुस्तिका वाचायला घेतली. पहिलंच वाक्य होतं, "मागील छिद्रास पुढील समजून तार अर्पण करावी." मी भाषांतरकाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तार कुठे "अर्पण" करतात का? हीसुद्धा हसली. पण तिसऱ्या पानावर "दिवा लुकलुकल्यास धीर धरावा" हे वाक्य आलं आणि मला घाम फुटला. ही धाटणी ओळखीची होती. आठ वर्षांपूर्वी घाईघाईत, पंखे आणि इस्त्र्यांच्या चळतीबरोबर, ही पुस्तिका मीच केली होती. हिला अजून सांगितलेलं नाही. कृपया आपणही सांगू नये.

तर मी माझ्याच आज्ञेनुसार तार अर्पण केली. दोन्ही राउटर सुरू झाले आणि दोघेही स्वतःला घरातला कर्ता पुरुष समजू लागले. येईल त्या यंत्राला दोघेही आपापले नंबर वाटत सुटले. माझा संगणक एकाच्या पदरी, प्रिंटर दुसऱ्याच्या. एकाच टेबलावर हातभर अंतरावर बसून त्यांची एकमेकांशी ओळख नाही. मी प्रिंटरला विनवण्या करतोय आणि तो भाऊबंदकीत बोलणं टाकलेल्या चुलत्यासारखा भिंतीकडे तोंड करून बसलेला. आपण फोनवर सांगितलंत की दुसऱ्याचा कारभार काढून घ्या, त्याने फक्त पहिल्याचा निरोप पुढे पोचवायचा. तार त्या वेगळ्या रंगाच्या खाचेतून काढून साध्या खाचेत घाला. आणि बिनसलंच तर मागच्या बारीक छिद्रात टाचणी खुपसून दहा आकडे मोजा. सगळं बरोबर होतं. फक्त "कोणत्या राउटरच्या" हे आपण म्हणाला नाहीत. मी हिची केसांची पिन घेतली, खाली गेलो आणि जो राउटर पाच वर्षं निमूटपणे चालला होता त्याच्या पाठीत खुपसली.

त्यानंतर तीन दिवस घरात नेट नव्हतं. कंपनीला फोन केला की एक गोड आवाज सांगे, आपला फोन आम्हाला मोलाचा आहे, आणि तो मोलाचा फोन चाळीस मिनिटं जपून ठेवी. हिने ते तीन दिवस शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात वर्ग घेतले. तिसऱ्या दिवशी सुजलेल्या गालाचे दोन गृहस्थही खुर्चीला धरून पाय उचलत होते म्हणे. शेवटी कंपनीचा माणूस आला, त्याने दोन्ही राउटर लावले, आणि जाताना "याला हात कोणी लावला होता?" असं विचारलं. ही माझ्याकडे बघत म्हणाली, "पाहुणे आले होते." (आपल्यावर ढकललं. ती बाई नाही, ढाल आहे.)

एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण राउटरला कोणकोणती यंत्रं जोडलेली आहेत त्याची यादी कशी बघायची, हेही आपणच शिकवलेलं. मला ते व्यसन लागलं. मी दिवसातून आठ वेळा यादी बघू लागलो. माझा फोन, हिचा फोन, सासूबाईंचा फोन, संगणक, प्रिंटर. आणि एक अनोळखी! रोज दहाला पाच मिनिटं कमी असताना उगवायचा आणि अकरा वाजून गेले की मावळायचा. मी टपून बसलो. तीन दिवस तीच वेळ. चोर! मला समोरच्या घड्याळजीचा संशय आला (माणूस वेळेचा पक्का). चौथ्या दिवशी मी त्या चोराचं नाव काळ्या यादीत टाकलं, बंद केलं आणि शीळ घालत खाली आलो.

त्या दिवशी जेवताना ही उदास होती. म्हणाली, "निळा फुगा आज आला नाही." निळा फुगा म्हणजे हिच्या वर्गातली एक बाई. कॅमेरा कधी लावत नाही, बोलत नाही, चौकोनात फक्त निळ्या फुग्याचं चित्र, पण दातांच्या डॉक्टरांकडचे ते तीन दिवस सोडले तर सहा महिन्यांत एक खाडा नाही. ही म्हणाली, "बाकीच्यांना मी तिचं उदाहरण देते. आणि आमच्या घरात बघ." हे शेवटचं वाक्य सासूबाईंना होतं. आपल्याला ठाऊकच आहे, खुबा मोडून दीड वर्ष झालं तरी सासूबाईंनी हिच्याकडून एक व्यायाम म्हणून शिकून घेतला नाही. जिला मी चालायला शिकवलं ती मला चालायला शिकवणार का, हा त्यांचा सवाल. त्यावरून आठवड्यातून दोनदा तरी भांडण व्हायचं, आणि मग दोघी माझ्यामार्फत बोलायच्या. त्या दिवशी मात्र सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. भातही अर्धा टाकला.

दुपारी ही बाहेर गेल्यावर त्या काठी टेकत माझ्याकडे आल्या. वर आल्या, साडूभाऊ. जिना चढून. दारात उभं राहून म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या पाटीला काय झालंय बघा जरा." आणि पदराखालून एक टॅब्लेट काढला. मी तो ओळखला, कारण त्याच्या कोपऱ्यावरचा टवका आपल्याच घरी पडलेला. उघडला तर चौकोनात निळा फुगा!

 मी म्हणालो, आई, तुम्ही? त्या म्हणाल्या, "हळू बोला. थोरलीने पाठवलंय, नावही तिनेच घातलंय. हिला कळलं तर 'बघ, शेवटी माझंच ऐकलंस ना' म्हणून जन्मभर ऐकवेल." मी विचारलं, त्या दिवशी ही गोठली तेव्हा तुम्हीही एका पायावर होता का? म्हणाल्या, "छे! मी लगेच खाली ठेवला. तिचं पहिल्यापासून असंच. सुरू करते आणि मध्येच थांबते." मग थोडं घुटमळून म्हणाल्या, "शिकवते मात्र चांगलं. समोर बसून शिकवायला लागली की आवाज चढतो. यात कशी गोड बोलते."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? चोर काळ्या यादीतून काढला. पण मागच्या खोलीत रेंज एवढीशी, खिडकीच्या गजाला टॅब्लेट बांधून दिसेल तेवढं बघायचं आणि दिसेना झालं की अंदाजाने पाय हलवायचे. एवढ्या वयाची बाई अंदाजाने पाय हलवते हे कळल्यावर मला काही गप्प बसवेना. आपल्याला विचारून मी तिसरा, रेंज पुढे ढकलणारा राउटर आणला आणि त्यांच्या खोलीत लावला. सगळे दिवे हिरवे, रेंज भरभरून, आणि नेटचा पत्ता नाही. कारण (हे आपण नंतर सांगितलंत) त्याला स्वतःलाच काही ऐकू येत नसेल तर तो पुढे काय सांगणार? शून्याला दहाने गुणत बसला होता बिचारा. मग तार ओढणं आलं. हिला सांगितलं की आईंना बातम्या बघायच्यात. स्वयंपाकघराच्या बाजूने दीड फुटी भिंतीला मी दोन तास ओणवा होऊन छिद्र पाडलं (उसण ती हीच), आणि गिरमिट पलीकडे निघालं ते सासूबाईंच्या कपाटात. कपाटाची पाठ, आणि घडी घालून ठेवलेल्या तीन शाली. सासूबाईंनी तिन्ही शाली उलगडून त्यातून माझ्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "रेंज येईल ना पण?"

आली. अशी आली की काय सांगू! मंगळवारी दहाला त्यांनी टॅब्लेट उघडला आणि नेट इतकं जोरात की बोट कुठे लागलं ते कळायच्या आत कॅमेरा सुरू झाला. मी वर माझ्या खोलीत, मधलं दार उघडं. हिच्या पडद्यावर निळ्या फुग्याच्या जागी अचानक आमचं कपाट आलं, तीन शाली आल्या, आणि कपाटाला एक हात लावून, पदर खोचून, डावा पाय सरळ उचललेल्या सासूबाई. त्यांचं सगळं लक्ष पायाकडे. आपण दिसतोय हे त्यांना ठाऊकच नाही. न्यायाधीशबाईंसकट सगळ्या बघतायत.

ही गप्प झाली. पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा गोठली. मी उठून राउटरचे दिवे बघितले, दिवे ठीक होते. हिने हाताच्या पाठीने नाक पुसलं. मग नेहमीच्याच आवाजात, त्या गोड आवाजात, म्हणाली, "निळा फुगा, गुडघा ताठ. छान. आता दहापर्यंत मोजू." आणि दहापर्यंत मोजलं. दोघींनी अजून एकमेकींकडे याचा एक शब्द काढलेला नाही. जेवताना भांडतात, दहाला शिकतात. मी मध्ये बसून वरण मागतो.

असो. लिहायचं एवढंच की माझी कंबर गेली, तीन शाली गेल्या, भिंतीला भोक पडलं, आणि आपलं "सोपं आहे" ऐकलं की मला अजून घाम फुटतो. ताईंना नमस्कार, आणि कान धरण्यापुरता राग.

आपला (पदराखालचं गुपित सांभाळणारा),
धाकटा साडू

ता. क. आपला राउटर परत मिळणार नाही. मागू नये.

आणखी एक ता. क. पत्र खरं तर यासाठीच लिहायला घेतलं आणि राहूनच गेलं. आपण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे गेलं दीड वर्ष आपण सासूबाईंना "या हो, चांगल्या दोन महिने राहायला या" असं अगदी मोकळ्या मनाने म्हणत आलात. त्या येत आहेत. एक तारखेला. त्यांच्यासाठी जी खोली द्याल तिथे दहाच्या आत रेंज पोचलेली असू द्या, तीही तारेने. काल त्यांनी आमचा जिना एकापाठोपाठ एक तीनदा चढला-उतरला. मी विचारलं, आई, काय शोधताय? म्हणाल्या, "शोधत नाहीये. थोरल्या जावयांचे तीन मजले मोजतेय. होतात."