मागणी म्हणजे काय

माघ शु. २, सोमवार
प्रोफेसर हसले त्या घडीला माझं डोकंच फिरलं. "अर्थशास्त्र कुणब्याला कळायचं नाही." ताडकन उठलो. म्हटलं, पाटोद्याच्या बाजारात कळवून दाखवतो. पुस्तक बाकावरच राहिलं. पुणं सोडून आज आठवा दिवस. दादा बोलत नाही. वहिनी तेवढी जेवायला वाढते.
घरी यायचं दुसरंही कारण होतं. ते लिहीत नाही. स.

माघ शु. ५, बाजार
बैल सोडलेल्या बंडीवर उभा राहून ओरडलो, "मालाला मागणी आली की भाव चढतो!"
एक म्हातारा : "आरं, ते पोरीच्या बापाला इचार!"
सगळा बाजार हसला. इथं मागणी म्हटलं की ती पोरीचीच. भांडायला खाली उतरलो, एकाचा पटका ओढला. गाढव मी.
तेलाच्या डब्यांमागं सगुणा पदर तोंडाशी धरून हसत होती. तेवढ्यासाठी आणखी दहादा हसं करून घेईन.
घाणेवाल्या तात्यांची लेक; घाणा चालवतात, पण आमच्यातलेच कुणबी. बाविशीची. नवरा जाऊन चार वर्षं. आमच्यात विधवेचा पाट लागतो, आडकाठी काही नाही. आडकाठी माझ्या जिभेला.

माघ शु. ९
वही घेऊन बसलो. 'परिणामकारक मागणी'... फाडलं. 'क्रयशक्तीने युक्त अशी वासना'... तेही फाडलं. वहिनी कढईत तेल ओतत होती. थांब, थांब. तेल!

माघ शु. १२, बाजार
आज जमलं. म्हटलं, "तेल कुणाला नको? पण नुसतं हवंसं वाटून भाव हालत न्हाई. हवं पाहिजे, ऐपत पाहिजे, अन् बुधली घेऊन दुकानाम्होरं जाऊन तोंडानं मागितलं पाहिजे. तिन्ही मिळून मागणी."
तोच म्हातारा : "हां, आता कळलं. घरी बसून लाळ गाळणं म्हंजी मागणी न्हवं."
प्रोफेसर, ऐका!
मग वहिनीची बुधली घेऊन सगुणापुढं गेलो. मापावर मान वाकवून ती म्हणाली, "धारूरचा बिजवर आलता तात्याकडं. हवं बी हाय, ऐपत बी हाय, मागून बी गेला." माप भरलं, वर आणखी धार सोडली. "मास्तर, तुमचं कशात बसतं?"
मी बुधलीला बूच लावू लागलो.
"आता का गप? बंडीवर तर लई बोलत होता."

माघ व. १
दादापुढं जाऊन सगळं सांगितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं त्यानं. "पाच एकर तुझंच हाय. नांगर धरशील तर. बडबडीनं चूल पेटत न्हाई, बे."
"धरतो. बाजाराचा दिवस सोडून."
हसला. दादा हसला!

माघ व. ३, सकाळ
तात्या उद्या धारूरकराला शब्द देणार. वहिनीनं पाणवठ्यावर ऐकलं.
हवं : दोन वर्षं झाली. ऐपत : परवापासून. तिसरं राहिलंय.
भर वर्गातून ताडकन उठलो तेव्हा विचार केला नव्हता. आता दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आलो. तात्या नाही म्हणाले तर... आणि तिनंच नुसती थट्टा केली असली तर...
वहिनीनं बुधली घासूनपुसून हातात दिली. "रिकाम्या हातानं जाऊ नका, भावजी." गेल्या बाजारीच तर भरली होती. कुठं निघालो म्हणून विचारलंही नाही तिनं.
घाण्याची कुरकुर इथवर येतेय. म्हणजे तात्या तिथंच.
निघतो. दार बाहेरून ओढूनच घेतो, मागं फिरायला जागा नको.