शिपाई आलेत म्हणून

मुरुम,
९ डिसेंबर २०२४

महानंदा मावशीस,

शरणु शरणार्थी. गुडघा कसा आहे? इकडं तूर काढायला आलीय, अण्णा दिवसभर शेतातच. बाकी सगळं बरं, असं लिहिणार होते.

फोनवर बोलता येत नाही, अव्वा शेजारीच असते. म्हणून बसवेशदादाच्या हाती ही चिठ्ठी.

अव्वाच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. गुरुवारी सोलापूरला ऑपरेशन आहे आणि ती नको म्हणतेय. माझ्यामुळं, तिच्याच लेकीमुळं.

रिपोर्टमध्ये होतं, गाठीभोवती लिम्फोसाइट्स, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, लई जमल्यात. मी एमएस्सीला हेच शिकते ना! उड्या मारतच सांगितलं, "अव्वा, तुझे शिपाई आलेत लढायला!" किती दिवसांनी हसली ती. आता म्हणते, "शिपाई आलेत तर लढू दे की त्यांना. कापायचं कशाला? तूच म्हणलीस न्हवं?"

मावशी, त्या शिपायांतच काही रेग्युलेटरी पेशी असतात. बाकीच्यांना आवरायचं त्यांचं काम, म्हणजे चुकून आपल्याच शरीरावर हल्ला व्हायला नको. एरवी लई कामाच्या. पण गाठ त्यांनाच जवळ ओढते. त्या बाकीच्यांना गप करतात, आणि गाठ वाढत राहते. अव्वाच्या गाठीभोवती त्या किती, हे रिपोर्टमध्ये नाहीच. हे सगळं मला माहीत होतं. मागच्या महिन्यात यावरच सेमिनार दिला, टाळ्या पडल्या. घरी तेवढंच सांगायचं राहिलं.

राहिलं नाही. ती हसत होती, म्हणून सांगितलं नाही.

काल सांगितलं, तर म्हणाली, "आदी एक, आता एक. कुठलं खरं धरू गं?"

अजून एक आहे. अण्णांनापण माहीत नाही. श्रावणातच तिनं माझा हात धरून गाठ दाखवली होती. "गळ्यातल्या लिंगाची करडगी घासून आली असंल," म्हणाली. चांदीची डबी ती, तिथंच टेकते. मलापण पटलं. मी दोरा सैल करून दिला आणि कॉलेजला गेले.

चार महिने, मावशी.

डॉक्टर म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही.

तुमच्या शब्दाबाहेर ती कधी गेली नाही. बुधवारच्या आत या. तिला रागवा, ओढून न्या, काहीपण करा. मला जे बोलायचं ते गुरुवारनंतर बोला, मी खाली मान घालून ऐकीन.

तुमच्या बहिणीची लेक,
गायत्री