राबात वाजणारी कांडी

६ मे, मंगळवार
कापूरहोळला जाऊन संतोषकडून कांडी आणली. खरं नाव पिनपॉइंटर. आकार गाजराचा, रंगही गाजराचाच. माझा हा भाऊ पंप-मोटारी दुरुस्त करतो, मातीत गाडले गेलेले व्हॉल्व्ह शोधायला त्याने ती मागवलेली. धातूजवळ नेली की वाजते आणि हातात थरथरते. चांदीसुद्धा धरते म्हणाला, पण चार बोटांच्या खाली असली तर नाही.

कशाला हवी ते त्याने विचारलं नाही. अख्ख्या वेल्ह्याला माहीत आहे.

चैत्रात जत्रेला देवघरातले टाक, म्हणजे देवांचे चांदीचे पत्रे, खाली काढले तर पाचाचे चार. खंडोबाचा नाही. पाहुणे ताटावर बसलेले, आणि थोरली जाऊ म्हणाली, "धाकटीला इचारा की. घरातली बरकत भावाच्या दुकानात नेऊन बसवली आसंल." संतोषचं दुकान तेव्हाच चालायला लागलं, हा तिचा पुरावा. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तेव्हापासून मला देवघरात पाऊल टाकायचं नाही. मी केलेला नैवेद्य दारातून परत आला. आमचे हे टेम्पोची काच पुसत राहिले.

इथून पुढे ती नुसती थो. पूर्ण नाव लिहून वही विटाळायची नाही.

८ मे, गुरुवार
रविवारी १८ ला जागरण ठरलं. थो. ने भोरच्या सोनाराकडे नवा टाक करायला टाकलाय. आणि जागरणात भावकीसमोर धाकटीने बेलभंडार उचलून शपथ घ्यायची, की देव मी नेला नाही. उचलला तरी लोक म्हणणार, शपथेची वेळ आली म्हणजे काहीतरी असणारच. नाही उचलला तर संपलंच.

आत्या, म्हणजे सासूबाई, आमच्याकडे राहतात. मोतीबिंदूने डोळे गेल्यात जमा. रोज संध्याकाळी दिवा लावताना म्हणतात, "ज्यानं माझा द्येव घालवला त्येचं हात झडू दे." मला ऐकून बरं वाटतं. ते हात कुणाचे ते मला ठाऊक आहे.

९ मे, शुक्रवार
पुन्हा पुन्हा विचार करून एकच निघतं. जत्रेआधी देव राखेने घासून उजळतात. देवघर थो. कडे, म्हणजे घासले तिनेच. एक टाक राखेत राहिला. राख उकिरड्यावर, उकिरडा राबावर, म्हणजे भाताची रोपं करायच्या वाफ्यावर. वाटण्या झाल्यापासून दोन चुली, दोन उकिरडे, दोन राब, मध्ये फक्त बांध. म्हणजे टाक तिच्या राबात. शेण-पालापाचोळा पसरून राब भाजलाय मागच्या महिन्यात, रोपं टाकायला अजून अवकाश आहे.

तिच्याच राखेतून देव काढून तिच्याच दारात ठेवणार. भर जागरणात. बेलभंडार मग तिने उचलावा.

१० मे, शनिवार
थो. नसरापूरला गेली. बांध ओलांडला. कांडी टेकवली, वाजली. वीतभर सरकले, वाजली. सगळीकडे वाजते. तीन घमेली माती चाळली. एक ब्लेड, एक सेफ्टी पिन, गुटख्याची पुडी. देव नाही.

संतोषला फोन. त्याने आधी माझीच झडती घेतली. घमेलं लोखंडी हाय का? होतं. डाव्या हातात काय? खुरपं. मोबाईल? कमरेला. आणि उकिडवी बसतीस तवा कांडी पायापाशी येती, जोडवी हायेत ना? हसला मेला. मला नाही आलं हसू.

११ मे, रविवार
प्लॅस्टिकची पाटी घेतली, मोबाईल घरी, खुरपं लांब, पाय मागे. तरी वाजतेच. बांधावर आणून धरली तर गप्प. राबात नेली की पी पी. भुताने झपाटल्यासारखी.

आत्यांनी विचारलं, रानात काय वाजतंय? टिटवी म्हटलं.

१३ मे, मंगळवार
संतोष स्वतः आला. माती हातात चुरली आणि लगेच म्हणाला, "ताई, ही भाजल्याली माती हाय. आपल्या मातीत लोखंड असतंयच, भाजलं की ते जास्त दावतं. देव न्हाई वाजत, राब वाजतोय." मग उपाय दाखवला. कांडी बंद करायची, टोक त्याच भाजलेल्या मातीला टेकवायचं आणि तिथेच चालू करायची. मग ती तेवढ्या मातीला सोडून देते, वेगळं काही आलं तरच बोलते. माझं एक पैंजण तीन बोटं खाली पुरलं. आजूबाजूला गप्प, त्यावर वाजली. असा जीव थंड झाला.

त्याच्यादेखत थो. आली. तिच्या राबात आम्ही. पळाले नाही, सरळ सांगून टाकलं, की बेलभंडाराआधी भावकीसमोर दोन्ही राबांतून कांडी फिरवायची. "फिरीव की," म्हणाली. "म्या काय भितीया व्हय?" भावकीत वडीलधारे थोरले चुलते, त्यांनीही मान डोलावली. आता सगळ्यांसमोर होणार. मला हवं होतं तेच.

१४ मे, बुधवार
भावकीसमोर फजिती नको म्हणून आधीच बघून ठेवायचं. तिचा अर्धा राब झाला, एकदाही वाजली नाही. खूश होते की आता खोटं वाजत नाही. संध्याकाळी पैंजण धरलं तर त्यावरही नाही! सकाळी घरात लोखंडी कॉटवर बसून चालू केली होती. कॉटचं लोखंडच तिने नेहमीचं धरलं आणि बहिरी झाली. सगळा दिवस वाया. त्यात वेल्ह्यातून आणलेली बॅटरी पण जुनाट निघाली, संध्याकाळी सेल बसायला लागला तशी ही उगाच थरथरायला लागली. थो. ओट्यावरून बघत होती. मोजत असणार माझ्या फेऱ्या.

१५ मे, गुरुवार
नवी बॅटरी. दर दहा हातांवर टोक मातीला लावून चालू करायची, पैंजणावर परीक्षा, मग पुढे. तिचा सगळा राब संपला. काही नाही. खरंच काही नाही. बांधावर बसून रडले, रागाने. इतक्या दिवसांत एवढा राग आला नव्हता.

मग आपल्या राबात गेले. कशाला, सांगता येत नाही. कदाचित भावकी विचारेल, तुझा बघितलास का, म्हणून.

चिंचेच्या बाजूला वाजली. तुटक नाही, एकसारखी. पैंजण काढून लांब ठेवलं, पाय मागे घेतले, बंद करून परत चालू केली. वाजलीच. बोटाने उकरलं. राखेचा दगडासारखा गोळा, त्यात घासणीच्या काथ्याचा जळका चोथा, आणि खंडोबा. काळा पडलाय, घोडा ओळखू येतो.

माझ्या राबात.

१६ मे, शुक्रवार
तांदूळ निवडताना आत्यांना सहज विचारलं, यंदा जत्रेचे देव कुणी घासले? "म्याच की," म्हणाल्या. "थोरली बाजूला बसली हुती. हितंच तुज्या चुलीपाशी घासलं. तुजी राख मऊ असती." आणि त्याच बोटांनी सुपातले खडे चाचपत राहिल्या. दोन खडे माझ्यासमोर तांदळातच गेले.

मी तेव्हा टेम्पोतून पानशेतला गेले होते, हॉटेलांची भाजी पोचवायला. मला माहीतच नव्हतं.

पण थो. ला माहीत होतं! ती शिवायची नव्हती म्हणजे देव तिनेच आत्यांकडे धाडले. आंधळ्या माणसाने घासले, कमी आले, एवढं तिला कळत नसेल? कळूनसुद्धा माझं नाव घेतलं. भरल्या पंगतीत. याची फेड केल्याशिवाय मी राहायची नाही.

संध्याकाळी आत्यांनी दिवा लावला. तेच वाक्य. हात झडू दे. मी बाहेर निघून गेले.

१७ मे, शनिवार
खरं सांगितलं तर, एक, माझ्या राबात निघाला म्हणजे मीच पुरला म्हणतील. दोन, राखेचं सांगून सुटले तर आत्या उरतात. महिनाभर स्वतःच्याच हातांना शिव्या घातल्यात त्यांनी, हे त्यांना भावकीसमोर कळणार. जेवायच्या नाहीत. मी नैवेद्य घेऊन परत आले तेव्हा जवळ बसून पाठीवरून हात फिरवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, देव घावला ना, मग झालं की. झालं काय? माझं नाव कुठं घावलंय?

तिसरा रस्ता आहे. टाक तिच्या राबात निघाला तर कुणी काही विचारणार नाही. आत्या सुटतात, मी सुटते, आणि थो. ला कळतं पंगतीत मान खाली घालून बसणं काय असतं. ती खोटं बोलली तेव्हा खंडोबाने तिला काही केलं नाही. मग मलाच का करावं?

दिवसभर हेच घोळतंय. टाक चिंचेच्या पाण्याने धुवायला घेतला होता, पण थांबले. चकचकीत असला तर शंका येईल. कुठून सुचतं मला हे!

१८ मे, रविवार
वाघ्या-मुरळी आले. नवा टाक थो. ने ताटात मांडलाय, झाकलेला. उन्हं उतरली की कांडी फिरणार. भावकी बांधावर सतरंजी टाकून बसलीय, थोरले चुलते मध्ये. आत्यांनी हट्टाने खुर्ची पुढे घ्यायला लावली, दिसत नाही तरी.

दुपारी पंगत बसली तेव्हा मी थो. च्या राबात जाऊन आले. चार बोटांचा खड्डा केला. बघत बसले त्याच्याकडे. मग तसाच बुजवला, रिकामा. परत येताना स्वतःचा इतका राग आला की पुन्हा मागे वळले होते.

आता संतोष आला. कांडीचं टोक मातीला लावून चालू करून बघितली, पैंजणावर धरली, बरोबर वाजते म्हणाला. मग हळूच विचारलं, "ताई, आदी कुणाच्या राबात?"

त्यांच्या, म्हटलं.

टाक कनवटीला आहे. कांडी तो धरणार, पण लोखंड जवळ आलं की ती वाजते, आणि उकरायला खुरपं माझ्याच हातात असणार आहे.