सरावलीच्या विहिरीची बाजू

रा. रा. धोंडीभाऊ व्याही यांना तलासरी मुक्कामी सरावलीहून सुदामचा रामराम.

आम्ही सगळे धडधाकट आहोत. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या हिशेबाने विहिरीच्या पाण्याने आम्ही एव्हाना आडवे व्हायला हवे होतो. वहिनींचा गुडघा कसा आहे? तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागद घेतला. कागद मधेच कट करता येत नाही.

भारती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते रीतीप्रमाणेच झालं. पण बारसं होऊन महिने लोटले, आणि आता तुम्ही भर बाजारात माझ्या नविनला (म्हणजे तुमच्याच जावयाला) सुनावलंत, की चाळीत विहिरीचं पाणी पिता, घरी विकतच्या पाण्याचा जार लावल्याशिवाय लेक आणि नात पाठवणार नाही. नात माझीही आहे, धोंडीभाऊ. मी तिला एकदाच पाहिली, तीही झोपलेली.

त्या विहिरीचं पाणी मी जन्मभर पितोय. फुग्यांच्या कारखान्यात रबराचा वास खाऊन छाती बिघडली, पण पोटाने कधी दगा दिला नाही (एक कावीळ सोडून, आणि तीसुद्धा कुणाच्या तरी लग्नातल्या सरबताची होती). पाणी नितळ आहे, वास नाही. शिवाय विहिरीत कासव आहे. कासव जगतं तिथे माणसाला काय होणार? जारमध्ये काय जगतं ते सांगा. टेम्पोवाल्या प्रविणला विचारलं, बाबा, हे जार भरतोस कुठे? तर म्हणाला, "काका, कंपनीचं पाणी हाय, चव बघा ना!" चव बघितली. प्लास्टिकची होती.

आता नीट बसून वाचा. लग्नाआधी तुम्ही आमचं घर बघायला आलात, तेव्हा कोपऱ्यात निळा जार होता. तो सगळ्या चाळीत मिळून एकच आहे. ज्याच्याकडे पाहुणे, त्याच्याकडे जार, आणि भरतो आम्ही तो विहिरीवरच. तुम्ही पेल्यावर पेला रिचवून म्हणालात, "याला म्हणतात पाणी! आमच्या भारतीला हेच द्या." तेच दिलं. आता तक्रार कसली? जार लावणार नाही म्हणजे नाही. मुलांना आशीर्वाद.

आपला,
सुदाम

ता. क. आरोग्य खात्याच्या संगीताबाई पाणी तपासायच्या बाटल्या घेऊन आल्या होत्या. पाणी खराब असलं की बाटली काळी पडते. तुमचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून एकीत विहिरीचं भरलं आणि दुसरीत प्रविणच्या सीलबंद जारचं. सकाळी दोन्ही तव्यासारख्या काळ्या. मी कासवाचं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मामा, तुमची नात कासव हाय का?" तेव्हापासून आमची लाडकी (म्हणजे तुमची विहीण) माझ्याशी बोलत नाही, नुसतं पाणी उकळते. मीही तेच पितो, दुसरं ती हाताला लागू देत नाही. पण जार लावलेला नाही, हे ध्यानात ठेवा.

ता. क. दुसरा. आमचं पातेलं लहान पडतं. लग्नात होता तो मोठा टोप घेऊन या. भारती आणि छोकरीला सोबत आणलंत, तर टोप धरायला माणसं होतील.

ता. क. शेवटचा. त्या दिवशी आमचं घर बघून परतताना तुम्ही झाईला मेहुण्याकडे जेवलात, पोट बिघडलं, आणि तेव्हापासून त्याच्याशी बोलणं टाकलंत. त्याच्याशी बोला. बोंबील ताजे होते.