आव्यात फुटलेली बाई

आई, तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तर हे पत्र तुला दादांनीच वाचून दाखवलं असतं, आणि मग मी ते लिहिलंच नसतं.

आपल्या घरात बाईनं चाकाला हात लावायचा नाही, हा नियम. माती तुडवायची तू, राख चाळायची तू, देवळाली कॅम्पच्या बाजारात डोक्यावरून मडकी न्यायची तू; चाक मात्र तुझ्या नवऱ्याचं, दादांचं. तुझ्या वाट्याला चुली, हातानं थापून उन्हात वाळवलेल्या. एका उन्हाळ्यात तू उरलेल्या मातीची एक बाई केलीस. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर गोंदण, आणि बसलीय चक्क चाकापाशी. मी म्हटलं, "आई, ही तर तूच!" तू हसलीस. "गप गं. चाकावर बसायला माझं काय डोकं फिरलंय?" पण दादा भाजायला आवा रचत होते, तेव्हा त्यांची पाठ वळताच तू तिला मडक्यांच्या मधोमध ठेवलंस. कच्ची राहिली असती तर पावसात विरघळली असती, आणि तुला ती टिकायला हवी होती.

आवा उघडला तर तिच्या ठिकऱ्या झालेल्या, भोवतालची मडकीही फुटलेली. दादा काठीनं राख उकरतायत. आजी ओट्यावरून विचारतेय, "खरं सांग, बाहेरची हायेस ना तू? आन् विटाळात आव्याला हात लावला?" तू मान खाली घालून म्हणतेस, "हो. माझ्यामुळंच झालं." दादांनी मारलं नाही, एवढंच म्हणाले, "आता मातीला हात लावू नको." तू लावलाही नाहीस. लोकांच्या मळ्यात मजुरीला जायला लागलीस, आणि पुढं काविळीनं गेलीस. दवाखान्यात मी तुझे हात चोळत होते, तर तू ते ओढून घेतलेस. मला त्याचा फार राग आला होता, अजून येतो.

मामानं मला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. तिथं सरांनी सहज सांगितलं, मूर्ती आतून कोरून पोकळ करायची. जाड, भरीव ठेवली तर आतल्या ओलीची वाफ होते आणि ती भट्टीत फुटते. एवढंच होतं गं! मडकं मुळातच पोकळ, म्हणून दादांच्या ते ध्यानात आलं नसेल. चूल कधी कोणी भाजत नाही, म्हणून तुलाही कळायचं कारण नव्हतं. मी वर्गातून उठले आणि बाहेर जाऊन तुझ्या सासूला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या. ती तेव्हा जिवंत होती. तिला जाऊन सांगितलं, तर म्हणाली, "शिकली म्हणून काय बी बोलशील का?"

आता मी बायकाच करते, गोंदलेल्या, काष्टा मारलेल्या, चाकावर ठाण मांडून बसलेल्या. पोकळ करते, त्या फुटत नाहीत. प्रदर्शनात बाईपणावर, विटाळावर मी तावातावानं बोलते, लोक माना डोलावतात. हे पत्र कुठं टाकायचं तेही मला ठाऊक नाही, म्हणून तुला खरं ते सांगते. पाळी आली की मी भट्टी लावत नाही. माती अजून ओली आहे असं सगळ्यांना सांगते, आणि थांबते.